बूमरँग ॲड-ऑन: काही महिने उडवल्यानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर फ्लाइट सिम्युलेटरसाठी (संगणकावर विमान उडवण्याच्या खेळासाठी) 'सीएसी बूमरँग' हे ॲड-ऑन, म्हणजे खेळात जोडायचं जादा विमान, विकत घेतलं. बूमरँग हे दुसऱ्या महायुद्धातलं ऑस्ट्रेलियन लढाऊ विमान. स्पिटफायर, मस्टँग अशा त्या काळच्या वेगवान लढाऊ विमानांवर हात बसलेल्यांना आधीच सांगतो, वेग हवा असेल तर इकडे फिरकू नका. ताशी ४९० किलोमीटरच्या आसपास सगळा खेळ आटोपतो आणि १५ हजार फुटांच्या वर इंजिनाला धाप लागते. काहींनी याला बग (प्रोग्राममधली चूक) म्हटलंय. पण खरं विमानही असंच होतं.

मेलबर्नच्या फिशरमन्स बेंडमधली कॉमनवेल्थ एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन (सीएसी) ही विमान कंपनी १९३६ साली सुरू झाली. तिचा हात बसला होता तो विरावे या प्रशिक्षण विमानावर, तेही मूळ अमेरिकन डिझाइनचं. जपान युद्धात उतरला, बाहेरून लढाऊ विमानं कधी मिळतील याचा भरवसा उरला नाही. मग कंपनीचे प्रमुख लॉरेन्स वॅकेट यांनी घरात होतं त्यातच भागवलं: विरावेचे सुटे भाग आणि ब्युफोर्ट बॉम्बरसाठी देशातच बनणारं १२०० अश्वशक्तीचं ट्विन वास्प इंजिन. आराखड्याची मुख्य जबाबदारी फ्रेड डेव्हिड यांच्यावर. हाइंकेल या जर्मन विमान कंपनीकडे काम केलेला हा ऑस्ट्रियन ज्यू निर्वासित कागदोपत्री मात्र शत्रुराष्ट्राचाच नागरिक! २९ मे १९४२ ला बूमरँगचं पहिलं उड्डाण झालं, एकूण २५० विमानं बनली.

बूमरँगच्या नावावर शत्रूचं एकही विमान पाडल्याची नोंद नाही. डिसेंबर १९४२ मध्ये न्यू गिनीत एका विरावेने मात्र जपानी लढाऊ विमान पाडलं. थोरल्याला जमलं ते धाकट्याला नाही.

मग मजा कशात? खाली उतरण्यात. न्यू गिनी आणि जवळच्या बूगनव्हिल बेटावर ही विमानं झाडांच्या शेंड्यांवरून फिरत, धुराचे बॉम्ब टाकून मागून येणाऱ्या कॉर्सेअर लढाऊ विमानांना लक्ष्य दाखवत. दऱ्यांमधून वळताना हे आखूड, दणकट विमान कसं चटकन फिरतं ते ॲड-ऑनमध्ये झकास उतरलंय. दोन २० मिमी तोफा झाडल्या की कॉकपिट थरथरतं, तेही छान.

तक्रारी आहेतच. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेताना, नाक वर असल्याने समोरचं काही दिसत नाही, ते खऱ्यासारखंच, नागमोडी जावं लागतं. पण इंजिनाचा आवाज पातळ आहे आणि मॅन्युअलमध्ये इतिहासाला जेमतेम अर्धं पान. माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डवर जंगलावरून जाताना फ्रेम रेटही पडतो. पूर्ण किंमत मोजण्याआधी डेमो उडवून बघा, तोही हजार फुटांच्या खालीच.