दुखापतीतून परतलेला खेळाडू जोखताना: लव्हीन की पार्कर?

गुडघा फाटून वर्षभर बाहेर बसलेला तरुण बास्केटबॉलपटू परत मैदानात उतरला आहे. त्याला ठेवायचं का, आणि ठेवायचं तर किती वर्षांसाठी, हे ज्याला ठरवायचं आहे त्याने आधी शिकागो बुल्सचा २०१८चा जुलै महिना डोळ्यांखालून घालावा. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या या संघाने त्या एका महिन्यात असे दोन खेळाडू करारबद्ध केले: झॅक लव्हीन आणि जबारी पार्कर.

दोघांचा जन्म मार्च १९९५चा. दोघंही २०१४च्या ड्राफ्टमधले, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीतले. पार्कर दुसऱ्या क्रमांकाला, लव्हीन तेराव्या. फेब्रुवारी २०१७मध्ये आठवड्याच्या आत दोघांच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट, फाटलं. लव्हीन ११ महिन्यांनी परतला, पार्करला जवळपास वर्ष लागलं. इतकी जुळणारी जोडी शोधूनही मिळायची नाही.

आता परतल्यानंतरचे आकडे. लव्हीन २४ सामने खेळला, सरासरी १६.७ गुण, शूटिंग (मारलेल्यांपैकी बास्केटमध्ये पडलेले शॉट) ३८.३ टक्के, दुखापतीआधी हेच शूटिंग ४६ टक्क्यांच्या आसपास होतं. पार्करचे ३१ सामने, १२.६ गुण, पण शूटिंग ४८ टक्के, म्हणजे जवळपास पूर्वीइतकंच. नुसती टक्केवारी बघणारा डोळे मिटून पार्करला घेईल. सॅक्रामेंटो किंग्जने लव्हीनला चार वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले आणि बुल्सने तेवढेच मोजून त्याला राखलं, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली ती याच ३८ टक्क्यांकडे बोट दाखवून.

पुढच्या मोसमात लव्हीनने सरासरी २३.७ गुण केले, तेही ४७ टक्क्यांच्या घरात. पार्कर डिसेंबरपर्यंत रोजच्या खेळातून बाहेर पडला होता आणि फेब्रुवारीत त्याची रवानगी वॉशिंग्टनला झाली.

मग टक्केवारीने दगा का दिला? एक कारण भूमिकेचं. लव्हीन प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून खेळला, चेंडू स्वतः घेऊन, अंगावर बचावपटू घेऊन, ड्रिबल करता करता थांबून शॉट मारत होता. पार्कर बहुतेक वेळा राखीव म्हणून उतरायचा. अवघड पेपरचे मार्क आणि सोप्या पेपरचे मार्क शेजारी मांडून उपयोग नाही. दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. त्याच २४ सामन्यांत लव्हीनचे फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट, ८१ टक्क्यांच्या आसपास पडत होते. एका जागी उभं राहून मारायचं तेव्हा हात शाबूत. पळत येऊन, थांबून, उडी मारून मारायचं तेव्हा शॉट चुकतो. म्हणजे कला गेलेली नाही, पाय अजून साथ देत नाहीत, आणि पायांची ताकद पुढच्या उन्हाळ्यात भरून निघू शकते. फ्री थ्रोच ढासळले असते तर मी वेगळा विचार केला असता.

सामना बघताना चुकलेले शॉट नीट बघा. शेवटच्या क्वार्टरमध्ये चेंडू पुन्हा पुन्हा रिंगच्या पुढच्या कडेला आदळत असेल तर बहुधा दम आणि मांड्या कमी पडताहेत. पूर्ण वेगात आल्यावर तो दुखऱ्या पायावर थांबतो, की दोन पावलं जास्त घेतो? उडीवरून उतरताना गुडघा आत झुकतो का? डंकवर, म्हणजे उंच उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबण्यावर, मात्र भाळू नका. दोन पायांवरची सरळ उडी त्यामानाने लवकर परत येते. आडव्या दिशेने झटकन वळणं आणि ब्रेक लावणं मागून येतं.

या दोघांतला सगळ्यात मोठा फरक मात्र परतल्यानंतरच्या कुठल्याच आकड्यात नव्हता. पार्करचं हेच एसीएल डिसेंबर २०१४मध्येही फाटलं होतं. त्याच गुडघ्यावर, त्याच लिगामेंटवर दुसरी शस्त्रक्रिया. दुसऱ्या खेपेनंतरचे निकाल एकंदरीत पहिल्यापेक्षा कमी चांगले असतात, त्यामुळे इथे ४८ टक्के बघून हुरळून जायचं कारण नव्हतं. शिवाय त्याच्या बचावाबद्दलची तक्रार जुनीच होती. दुखापतीआधीपासूनची उणीव दुखापतीच्या खात्यावर टाकली, की ती आपोआप बरी होईल अशी खोटी आशा लागते.

बुल्सने पार्करच्या बाबतीत एक शहाणपणा केला होता. करार दोन वर्षांचा, ४ कोटी डॉलरचा, पण दुसरं वर्ष ठेवायचं की नाही हा हक्क संघाकडे. अंदाज चुकला तरी एका वर्षाचाच भुर्दंड.

एका जोडीवरून नियम बनत नाही हे खरं, आणि निकाल माहीत असताना शहाणपण सुचतंच. लव्हीनच्या त्या गुडघ्यावरही २०२२मध्ये पुन्हा छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. तरी निवड माझ्या हातात असेल तर पहिल्या २०-२५ सामन्यांची टक्केवारी मी बाजूला ठेवीन. गुडघा एकदाच फाटलेला, फ्री थ्रो जागेवर आणि अवघड शॉट घ्यायची हिंमत शाबूत असेल तर लांबचा करार. दुसऱ्यांदा फाटला असेल तर आकडे कितीही गोंडस असोत, एक वर्ष आणि पुढचा हक्क आपल्याकडे.