‘एलियन्स’: थिएटरमधला की लांब?

थिएटरमधला ‘एलियन्स’ हा सिनेमा (१९८६) १३७ मिनिटांचा, नंतर आलेला लांब कट १५४ मिनिटांचा. मला लांबच हवा, तोही एका दृश्यासाठी. ५७ वर्षं अंतराळात झोपून परतलेल्या नायिकेच्या, रिप्लीच्या हातात मुलीचा फोटो येतो. फोटोत म्हातारी बाई! अकराव्या वाढदिवसाला घरी येईन असा जिला शब्द दिला, ती पोर ६६ व्या वर्षी गेलेली. रिप्ली बघत राहते, मग रडू फुटतं. परग्रहावरच्या वसाहतीत सापडलेल्या न्यूट या पोरीसाठी ती जिवावर का उदार होते, ते इथे काळजात उतरतं. थिएटरच्या कटमध्ये हेच गाळलं, फार वाईट केलं.

न्यूटच्या घरच्यांना परग्रहवासीयांचं अंतराळयान सापडतं, तो भाग मात्र कापला ते बरंच. तो आधी दाखवला की रिप्लीसोबत वसाहतीत शिरतानाची धडधड निम्मी होते.