शाम्पू की कुरळी बट: रसायनशास्त्राचा पाठ कुठून सुरू करावा?

केसांच्या आधाराने रसायनशास्त्र शिकवायचं तर दोन वाटा आहेत: केस धुण्याची आणि केसांना वळण देण्याची. वेळ एकीपुरताच असेल, तर मुलांना रासायनिक बंध कितपत समजले आहेत ते पाहून निवड करावी.

धुण्याचा पाठ निर्धोक आहे. दोन बाटल्यांत ऊर्ध्वपातित पाणी घ्या, एकीत थोडं मॅग्नेशियम सल्फेट विरघळवा आणि दोन्हींत साबणाचा चुरा टाकून हलवा. क्षार असलेल्या बाटलीत फेसाऐवजी पांढरट साका जमतो. शाम्पू मात्र दोन्हीकडे फेसाळतो, कारण त्यातल्या सल्फेट गटाच्या रेणूंचे मॅग्नेशियम क्षार पाण्यात विरघळतात. दुष्फेन पाणी, सामू, तेल पकडणारे रेणू हे सगळं एका तासात होतं. माझी तक्रार एवढीच, की यात केस निमित्तमात्र राहतो. ताटाचं तेलही असंच निघतं.

वळणाच्या पाठात केस स्वतः बोलतो. कापलेली सरळ बट ओली करून पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळा, पूर्ण वाळू द्या. वळण येतं, पुन्हा भिजवलं की जातं. केराटिन या केसांच्या प्रथिनाच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध पाण्याने तुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात. आता मुलांना विचारा: मग पर्म करून, म्हणजे रसायनांनी कायमचं, दिलेलं वळण धुऊनही कसं टिकतं? तिथे केराटिनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधक अणूंमधला डायसल्फाइड हा सहसंयुज बंध येतो. पर्मच्या द्रावणातलं थायोग्लायकोलेट त्याचं क्षपण करून तो तोडतं. केस रोलरवर असतानाच हायड्रोजन पेरॉक्साइड ऑक्सिडीकरणाने तो नव्या जागी जोडतं. क्षपण-ऑक्सिडीकरणाची जोडी इतकी अर्थपूर्ण मला दुसरीकडे क्वचितच दिसते. पर्मचं द्रावण मात्र वर्गात आणू नका, त्वचेला त्रास होतो. फळ्यावरची आकृती पुरते.

केसांचा रंग हा तिसरा विषय मोहात पाडतो. पण अनेक कायमस्वरूपी रंगांत पॅराफेनिलीनडायअमाइन असतं आणि त्याची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते. प्रात्यक्षिकासाठी तो नकोच.

सहसंयुज बंध शिकवून झाले असतील, तर मी वळणाचाच पाठ घेईन, दोन-तीन तास लागले तरी. नसतील तर शाम्पू. वळणाच्या पाठानंतर चाचणीला एक प्रश्न पुरे: गरम इस्त्रीने सरळ केलेले कुरळे केस धुतल्यावर पुन्हा का वळतात?