मिनॅकचा उन्हाळी नाट्यहंगाम: समुद्राशी भांडणारे संघ तिथे हरतात

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, लँड्स एंडपासून सहा-सात किलोमीटरवर पोर्थकर्नो नावाची खाडी आहे. तिच्या कड्यावर खोदलेल्या मिनॅक नाट्यगृहात दर उन्हाळ्यात नाटकांचा हंगाम रंगतो. मुख्य हंगाम मे ते सप्टेंबर. ब्रिटनभरातले हौशी संघ, कॉर्नवॉल या इथल्याच परगण्यातल्या स्थानिक मंडळ्या आणि काही व्यावसायिक फिरत्या कंपन्या येतात, आठवडाभर प्रयोग लावतात, सामान आवरतात, पुढचा संघ येतो. आसने सुमारे 750. छत नाही, पडदा नाही, मागे अटलांटिक महासागर.

अभिप्राय आधीच सांगून टाकतो: जागेला पैकीच्या पैकी गुण, सोयींना बरे, आणि नाटकांना आठवड्यागणिक वेगळे. तिकीट काढताना 'मिनॅक' हे नाव पाहू नका, कोणते नाटक आणि कोणत्या जातीचे नाटक ते पाहा. जगातले उत्तम नाटकही या जागेवर मार खाऊ शकते, आणि एरवी बाळबोध वाटणारा धमाल संगीताचा खेळ इथे टाळ्या घेऊन जातो.

ही जागा व्यावसायिकांसाठी बांधलेलीच नव्हती. 1929 मध्ये जवळच्या क्रीन या ठिकाणी गावकऱ्यांनी शेक्सपिअरचे 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' एका कुरणात केले. त्या मंडळींना पुढे 'द टेम्पेस्ट' करायचे होते, म्हणजे वादळ, बेट आणि फुटलेले जहाज. रोवेना केड या बाईंनी मिनॅकचा हा भूखंड आधीच अवघ्या शंभर पौंडांना घेऊन तिथे घर बांधले होते. घराच्या बागेखालचा कडा नाटकाला योग्य आहे असे त्यांना वाटले आणि त्या माळी बिली रॉलिंग्ज यांना घेऊन दगड फोडायला लागल्या. 1932 च्या उन्हाळ्यात पहिला प्रयोग झाला. प्रकाशयोजना म्हणजे बॅटऱ्या, मोटारींचे हेडलाइट आणि घरातून ओढलेली जेमतेम वीज.

पुढची पन्नास वर्षे बाई हेच करत राहिल्या. ग्रॅनाइट हाताने फोडायचा, खालच्या किनाऱ्यावरची वाळू पाठीवरून वर आणायची, सिमेंटमध्ये कालवायची आणि ओल्या काँक्रीटवर जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नक्षी काढायची. आसनांच्या पाठींवर तिथे झालेल्या नाटकांची नावे आणि वर्षे कोरलेली आहेत. आपल्याकडच्या बाकांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' वाचायची सवय झालेल्या डोळ्यांना हे फार सुखावते. बसायला जागा नाटकाने दिली, देणगीदाराने नाही. 1976 मध्ये नाट्यगृह विश्वस्त संस्थेकडे गेले आणि 1983 मध्ये, नव्वदीला काही महिने उरले असताना, बाई गेल्या.

आता मुद्द्याचे. इथे नाटक कशाने पडते?

पहिले कारण उजेड. जूनअखेरीस इथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. संध्याकाळचा प्रयोग साडेसातच्या सुमारास सुरू होत असेल, तर पहिला अंक लख्ख उजेडात आणि दुसऱ्याचाही बराचसा भाग संधिप्रकाशात. म्हणजे ब्लॅकआउट नाही. प्रवेश बदलताना अंधाराचा आडोसा नाही. मेलेले पात्र उठून चालत जाताना 750 लोक बघतात. ज्या दिग्दर्शकाने सभागृहातली संहिता जशीच्या तशी उचलून आणलेली असते, त्याचे दर दहा मिनिटांनी हे हाल होतात: काळ्या कपड्यातली मुले टेबल-खुर्च्या उचलतात आणि प्रेक्षक त्यांच्यामागची बोट बघत बसतो. अनुभवी संघ प्रवेशबदल उघडपणे करतात, गाण्यात मिसळतात, किंवा सामानच ठेवत नाहीत. त्याउलट ऑगस्टअखेरीस सूर्य आठच्या थोडा नंतर जातो. मग मध्यंतरानंतर खरा अंधार मिळतो आणि दिव्यांची योजना कामाला येते. भुते, खून, कटकारस्थाने असलेले नाटक असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडा. हलके, नाचगाण्याचे असेल तर जून-जुलै चालेल.

दुसरे कारण वारा. तो समुद्रावरून येतो आणि शब्दांची टोके घेऊन जातो. स्वर ऐकू येतात, व्यंजने नाहीत. त्यामुळे पुटपुटत बोलायचे वास्तववादी संवाद इथे मरतात. बहुतेक मोठे संघ आता कॉलर माईक लावतात, पण माईकच्या तोंडावरचा स्पंज नीट नसेल तर वाऱ्याचा खरखराट संवादापेक्षा मोठा ऐकू येतो. माईक लावला की दुसरी अडचण येते: आवाज स्पीकरमधून येतो आणि दहा जण एकाच वेळी मंचावर असतील तर बोलतोय कोण हेच कळत नाही. चांगला दिग्दर्शक अशा वेळी बोलणाऱ्याला एक पाऊल पुढे काढतो किंवा हाताची खूण देतो. हे जमले आहे की नाही ते पहिल्या पाच मिनिटांत समजते.

तिसरे कारण नेपथ्य. मालमोटार रंगमंचापर्यंत पोचत नाही, आणि मंचावर दगडी खांब, कमानी, कठडे कायमचे आहेत. त्यांना झाकायला रंगवलेले कापडी फ्लॅट उभे करणे म्हणजे शिडे उभी करणे. वारा भरला की ती मंचाला होडीसारखी ओढतात. वजने बांधावी लागतात, दोर ताणावे लागतात, आणि एवढे करूनही मागच्या समुद्रापुढे ती चौकट केविलवाणीच दिसते. ज्यांनी दगड तसाच ठेवला, दोन पायऱ्या, एक पिंप आणि एक दोर एवढ्यावर भागवले, त्यांचे प्रयोग इथे सर्वांत देखणे होतात. सिंधुदुर्गातली एखादी दशावतारी मंडळी इथे उतरवली तर तासाभरात जागा आपलीशी करतील असे राहून राहून वाटते. देवळासमोर एका बाकड्यावर इंद्रसभा उभी करणाऱ्यांना कड्याची कसली भीती?

चौथे कारण पाऊस, आणि त्याबद्दल गैरसमज फार. पाऊस आला म्हणून इथे प्रयोग थांबत नाही. अगदीच टोकाचे हवामान, म्हणजे नटांना किंवा प्रेक्षकांना धोका असेल, तरच रद्द होतो. आणि प्रयोगात छत्री उघडायला मनाई आहे, कारण इतक्या तीव्र उतारावर एक छत्री मागच्या चार जणांचे नाटक संपवते. ओले ग्रॅनाइट निसरडे असते, म्हणून पावसात नाचाच्या जागा आवरत्या घेतल्या जातात आणि तलवारबाजी सावकाश होते. त्याला ढिसाळपणा समजू नये. उलट गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून नटांना तिथे पळवणारा संघ बेजबाबदार. वादकांचेही हाल असतात: दमट हवेत तारा उतरतात, स्वरलिपीचे कागद चिमट्यांनी धरावे लागतात. संगीतनाटकाला जाणार असाल तर सुरांच्या बाबतीत थोडे उदार असा.

मग इथे रंगते काय? 'द टेम्पेस्ट' अर्थातच. जागा त्याच्यासाठीच खोदलेली. शेक्सपिअरची सगळीच मोठ्या आवाजाची, उघड्यावर घडणारी नाटके. ग्रीक शोकांतिका, कारण त्यांचा साचाच डोंगरउताराच्या प्रेक्षागृहाचा. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचे 'द पायरट्स ऑफ पेन्झान्स' हे 1879 चे संगीतप्रहसन, ज्यातले पेन्झान्स इथून जेमतेम 15 किलोमीटरवर आहे; चाच्यांच्या मागे खरा समुद्र मिळाला की निम्मे काम झालेले असते. काय टाळावे? चार भिंतींतली दिवाणखान्याची नाटके, दार उघडण्या-लावण्यावर उभी असलेली प्रहसने (दारच नसते), आणि दोन-तीन पात्रांची हळुवार कौटुंबिक नाटके. ती वाईट असतात म्हणून नव्हे. नजर समुद्राकडे जाते आणि ती परत खेचून आणण्याइतके बळ चहाच्या कपात नसते.

प्रेक्षागृहाचे तोंड साधारण आग्नेयेला आहे. डावीकडे पोर्थकर्नोची पांढरी वाळू, पलीकडे लोगन रॉकचे खडकाळ टोक. सूर्य पाठीमागे, कड्याआड मावळतो. त्यामुळे संध्याकाळी डोळ्यांवर ऊन येत नाही, पण सावली लवकर येते आणि थंडीही. पौर्णिमेच्या आसपास चंद्र समोरच समुद्रातून वर येतो. प्रकाशयोजनाकाराच्या हिशेबात नसलेला हा दिवा सगळ्या दिव्यांवर मात करतो, म्हणून पंचांग पाहून तिकीट काढण्यात काहीही वावगे नाही. दुपारच्या खेळाचे गणित उलटे: सूर्य समोर आणि उजवीकडे, पाण्यावरून चकाकी, नट काळे आकार दिसतात. टोपी आणि काळा चष्मा लागतोच. दोन्ही वेळा शक्य असतील तर संध्याकाळच घ्या.

बसायच्या जागा. वरच्या पायऱ्या काँक्रीटच्या, अधिक उभ्या. तिथून मंच आणि समुद्र असे पूर्ण चित्र दिसते, पण चेहरे लहान दिसतात आणि वाराही अधिक. खालच्या भागात गवत आणि दगड, नट जवळ, हावभाव वाचता येतात, समुद्र मात्र थोडा कमी. शब्दप्रधान नाटकाला खाली, नाचगाण्याला वर, हा ठोकताळा बहुतेक वेळा बरोबर येतो. पायऱ्या उंचसखल आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी, उंचीची भीती असणाऱ्यांनी आणि वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच नाट्यगृहाशी बोलून वरच्या बाजूची, कमी उतरण्याची जागा मागावी. पोचल्यावर सांगितले तर उपयोग कमी, कारण कडा हलवता येत नाही.

न्यायच्या वस्तू: जाड उशी (अडीच तास दगडावर, तेव्हा पातळ नको), टोपीचे वॉटरप्रूफ जॅकेट, शक्यतो वॉटरप्रूफ पँटसुद्धा, गोधडीसारखे काहीतरी, रबरी तळव्याचे बूट, आणि परतीच्या पायऱ्यांसाठी छोटी बॅटरी. जुलैतही दुपारी 19-20 अंश असणारा पारा रात्री 13-14 वर येतो आणि वाऱ्यात तो आणखी कमी वाटतो. साडी नेसून जाणार असाल तर आतून थर्मल आणि पिना भरपूर. बरोबर खाणे नेता येते आणि लोक थाटात नेतात. थर्मासमधला चहा हवाच. कागदी पिशव्या, वर्तमानपत्रात बांधलेले काही नको, पहिल्याच झुळकीला ते खाली नटांच्या पायांत जाते. खाणे झाकून ठेवा. तिथले समुद्रपक्षी आपल्या कावळ्यांपेक्षा धीट आहेत.

पोचणे हा या सेवेचा सर्वांत कमकुवत भाग, आणि त्यात नाट्यगृहाचा दोष नाही. शेवटचे रस्ते अरुंद आहेत, समोरून बस आली की कोणाला तरी मागे जावे लागते. प्रयोगाच्या तासभर आधी गाडी लावून झालेली असावी. दिवसा पेन्झान्सहून बस आहे, पण रात्री प्रयोग सुटल्यावर परतीची बस मिळेल हे गृहीत धरू नका. त्या तारखेचे वेळापत्रक पाहा किंवा टॅक्सी आधी ठरवा.

दिवस मोकळा असेल तर खाली खोऱ्यातले तारसंग्रहालय चुकवू नका. 1870 मध्ये मुंबईला ब्रिटनशी जोडणाऱ्या तारमार्गाचे, एडन, सुवेझ, माल्टा, जिब्राल्टर करत आलेले शेवटचे टोक याच पोर्थकर्नोच्या वाळूत वर निघाले. कित्येक आठवड्यांनी बोटीने पोचणारा निरोप काही मिनिटांत जाऊ लागला. मराठी प्रेक्षकाने नाटकाआधी दोन तास काढावेत असे ठिकाण या टोकाला दुसरे नाही. दिवसा नुसते नाट्यगृह बघण्याचेही तिकीट असते, मात्र दुपारचा खेळ असेल त्या दिवशी ते लवकर बंद होते, तेव्हा वेळ आधी तपासा.

लंडनहून पॅडिंग्टन ते पेन्झान्स रेल्वेला साधारण पाच तास. लंडनहून येताना 'नाइट रिव्हिएरा' ही रात्रगाडी सोयीची, सकाळी उतरवते. शनिवारी रात्री ती नसते. परत लंडनला जाताना मात्र तिचा भरवसा नको. पेन्झान्सहून ती रात्री दहाच्या आधीच सुटते आणि त्या वेळी मिनॅकवर शेवटचा प्रवेश चाललेला असतो. संध्याकाळचे तिकीट काढलेत तर पेन्झान्समध्ये एका रात्रीची खोलीही त्याच दिवशी बुक करा. ऑगस्टमध्ये खोल्या उरत नाहीत.