ब्रोका की वर्निके: आमचे काका आणि शेजारचे आजोबा

इंदूरला आमच्या काकांना स्ट्रोकनंतर ब्रोका अफेजिया (अफेजिया म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं) झाला आणि शेजारच्या आजोबांना वर्निके, दोन्ही मेंदूच्या डाव्या बाजूचेच पण तऱ्हा एकदम उलटी. काका म्हणतात "राजवाडा... पोहे... खाणं", प्रत्यय गायब, क्रियापद लटकलेलं, तरी मुद्दा कळतो, आणि चुकतंय हे त्यांनाही कळतं म्हणून चिडतात बिचारे. आजोबा धडाधडा बोलतात, चाल बरोबर, शब्द भलतेच, आणि त्यांना स्वतःला काही खटकत नाही. (पहिल्या तऱ्हेशी जोडलेला मेंदूतला भाग पॉल ब्रोकाने १८६१ला दाखवला, दुसरीचा कार्ल वर्निकेने १८७४ला.)

मला तर काकांशी बोलणं सोपं वाटतं, कारण समज बरीच शाबूत आहे, फक्त "वाघाला मुलाने मारलं" असलं, कर्म आधी आणि कर्ता नंतर येणारं उलटं वाक्य टाकलं की कुणी कुणाला मारलं यात अडकतात.