टीपीयू फिलामेंट : कोकणातल्या पावसाळ्यासकट वापरून झाल्यावर

चिपळूणला माझं दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. पाण्याचे पंप, ग्रास कटर, फवारणी पंप असली कामं. थ्रीडी प्रिंटर आधीपासून होता, पण पीएलएचे, म्हणजे प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचे, पार्ट कडक. धक्का बसला की तुकडा पडतो. म्हणून मागच्या उन्हाळ्यात ९५ए कडकपणाचं (शोर ए हे रबराचा कडकपणा मोजायचं माप, आकडा कमी तितकं मऊ) टीपीयू, म्हणजे रबरासारखं वाकणारं प्लास्टिक, आणलं. ते तारेच्या रिळात येतं, त्या तारेलाच फिलामेंट म्हणतात. आता माझं निम्मं प्रिंटिंग त्यातच होतं. पार्ट म्हणून तक्रारीला जागा नाही. मात्र रीळ सुकवायचा ड्रायर घ्यायची तयारी नसेल, तर कोकणात तरी याच्या वाटेला जाऊ नका.

उन्हाळ्यात पाकीट फोडून लावलं तेव्हा प्रिंट गुळगुळीत यायचे. मृगाचा पाऊस लागला आणि तेच रीळ, तेच सेटिंग असून नोझलमधून, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीतून, तडतड ऐकू यायला लागली. टीपीयू हवेतला ओलावा ओढून घेतं. २२०-२३० अंशांच्या नोझलमध्ये त्या ओलाव्याची वाफ होते, धाग्यात बुडबुडे येतात, पार्टवर कोळिष्टकं लोंबतात. ती एक वेळ कापून टाकता येतात. थर एकमेकांना धरत नाहीत, हे जास्त वाईट, कारण ते दिसत नाही. पार्ट ताणला की पापुद्र्यांसारखा सुटतो. कोळिष्टकं दिसली की बरेच जण रिट्रॅक्शन, म्हणजे तार मधेमधे मागे ओढणं, वाढवत बसतात. त्यानं मऊ तार ती ढकलणाऱ्या गिअरखाली पुन्हा पुन्हा रगडली जाते आणि नवीनच दुखणं उभं राहतं. आधी रीळ सुकवा, मग सेटिंगला हात लावा.

५०-५५ अंशांवर सहा ते आठ तास पुरतात; मी रात्री लावून झोपतो. पण सुकवलेलं रीळ उघड्यावर टांगलं, तर आषाढात दुसऱ्या दिवशी पुन्हा तडतड. त्यामुळे तार थेट डब्यातूनच प्रिंटरला जाते: घट्ट झाकण, आत सिलिका जेल, भोकातून टेफ्लॉनची नळी. सिलिका जेलवर सगळा भरवसा मात्र ठेवू नका. कोरडं रीळ कोरडं ठेवण्यापुरतं ते ठीक. भिजलेल्याला उष्णताच लागते.

मशीन डायरेक्ट ड्राइव्ह हवं, म्हणजे तार ढकलणारा गिअर नोझलला लागूनच असलेलं. गिअर लांब ठेवून नळीतून तार ढकलणाऱ्या बोडन मशीनवर ९५ए कसंबसं चालतं, त्याहून मऊ घेतलं की तार गिअरपाशी दुमडते. रंग आपोआप बदलणाऱ्या पेट्यांतूनही साधं टीपीयू सहसा जात नाही. वेग मी सेकंदाला २५-३० मिलिमीटर ठेवतो. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला मी सरळ उद्या या सांगतो. पीईआय प्लास्टिकचा गुळगुळीत थर असलेल्या बेडवर, म्हणजे पार्ट छापला जातो त्या पाटावर, हे इतकं चिकटतं की पार्टबरोबर तो थरही सोलला जाईल. मधे ग्लूस्टिकचा थर द्या. आणि सपोर्ट, म्हणजे अधांतरी भागाखालचा तात्पुरता टेकू, लागणारं डिझाइन शक्यतो करूच नका, तो टेकू तुटत नाही, नुसता ताणला जातो.

मला खरी मजा आली ती इनफिलमध्ये, म्हणजे पार्टच्या आतल्या भरणीत. पाकिटावरचा ९५ए हा आकडा भरीव तुकड्याचा. दोन वॉल (बाहेरच्या भिंती) आणि १०-१५ टक्के गायरॉइड, म्हणजे लाटांसारखी वळणारी, जाळी दिली की तेच रीळ अंगठ्यानं दाबलं जातं; चार वॉल आणि भरीव केलं की खोडरबराहून घट्ट. पंपाखालचे पॅड मी असेच करतो, वरचा-खालचा थर जाड आणि मधे जाळी. सिमेंटच्या ओट्यावर होणारी घरघर त्यानं बरीच उतरली. बुटांच्या कंपन्या याच तत्त्वावर चालतात. आदिदासनं कार्बन या कंपनीबरोबर २०१७ मध्ये दाखवलेला तळवा असाच जाळीचा होता, फक्त तो तारेतून नाही, द्रव रेझिन प्रकाशानं घट्ट करून बनवलेला. टाचेखाली एक जाळी, चवड्याखाली दुसरी, असं एकाच तुकड्यात साच्यातून काढणं फार अवघड. मधुमेहींच्या पायासाठी तळवे छापण्यात याच गोष्टीचा उपयोग करतात. मात्र पायाला जखम किंवा बधिरपणा असेल तर माझ्यासारख्या पंपवाल्याकडून तळवा करून घेऊ नका. दाब कुठं पडतो हे मोजणाऱ्या माणसाकडे जा.

ग्रास कटरच्या मुठी अख्खा हंगाम टिकल्या, घासल्या गेल्या पण फाटल्या नाहीत. वायरींचे ग्रोमेट (भोकात बसवायच्या कड्या), पेटीचे कोपरे, सायकलचं मडगार्ड, सगळं शाबूत. पाण्यात कायम राहणाऱ्या पार्टसाठी पॉलिईथर जातीचं टीपीयू बघा. पॉलिएस्टर जातीचं तेल-ग्रीस चांगलं सोसतं, पण गरम ओलाव्यात हळूहळू कमजोर होतं. रिळावर जात बहुतेक वेळा छापलेली नसते, विक्रेत्याला खोदून विचारावं लागतं.

आळीतल्या सगळ्या काकवांना कुकरची रिंग छापून हवी आहे. नाही देत. ती रबराची किंवा सिलिकोनची असते, वाफेचा दाब आणि उष्णता सोसायला. टीपीयू तिथं मऊ पडेल, शिवाय थरांच्या फटींतून वाफ निसटेल. म्हाताऱ्यांच्या काठीचे बूटही करणं बंद केलं. झिजत नव्हते, पण ओल्या लादीवर सरकत होते. ९५ए हे पकडीच्या बाबतीत रबर नाही. काठीचा रबरी बूट बाजारात स्वस्तात मिळतो, तोच घ्या.

किंमत पीएलएच्या दीडपट ते दुप्पट, वर ड्रायरचा खर्च. नुसत्या मोबाइल कव्हरसाठी परवडणार नाही. ८५एचं एक रीळ मागवलंय, मुठी थोड्या मऊ हव्यात अशी बागायतदारांची मागणी आहे.