तंबोरा घ्यायचाय: तयार, जुना की मिरजेत मापानं करून?

वर्गातल्या एखाद्या मुलीनं चार-पाच वर्षं नेटानं गाणं केलं की तिचे आईवडील एक दिवस क्लास सुटल्यावर थांबतात. ‘ताई, आता चांगला तंबोरा घेऊन टाकावा म्हणतोय.’ या ‘घेऊन टाकावा’ची मला धास्ती वाटते. फ्रिज घेऊन टाकता येतो. तंबोऱ्याचं तसं नाही. म्हणून मी आधी विचारते, पट्टी कुठली, म्हणजे ती पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला सा धरून गाते? निम्म्या घरांत याचं उत्तर तयार नसतं. किमतीची चौकशी मात्र तीन ठिकाणी करून झालेली असते.

तंबोऱ्याला पडदे नसतात, बोटं फिरवायची नसतात. पहिली तार पंचमाला, मधली जोड षड्जाला आणि शेवटची खर्जाला (खालच्या षड्जाला) लावून चारही तारा मोकळ्या छेडत राहायच्या, एवढंच काम. त्यामुळे वाटतं, कुठलाही चालेल. पण दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर, तारांची जाडी आणि घोडीची (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची) घासणी या सगळ्या गोष्टी एका पट्टीच्या आसपास जुळवलेल्या असतात. एखादा सूर इकडेतिकडे सरकवता येतो. त्यापलीकडे ओढलं की वाद्य कुरकुरायला लागतं आणि खाली सोडलं की तारा फडफडतात. पुरुषांसाठी मोठा आणि बायकांसाठी लहान अशी ढोबळ विभागणी आहेच, पण काळी एकला गाणारा आणि पांढरी तीनला गाणारा असे दोन पुरुष एकच तंबोरा सुखानं वापरू शकत नाहीत.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझा पहिला तंबोरा एका मोठ्या शहरातल्या दुकानातून घेतला होता. काचेच्या कपाटात उभा, भोपळ्यावर वेलबुट्टी, पॉलिश असं की तोंड दिसावं. मी काळी चारला गाते. दुकानदार म्हणाला, ‘काही प्रॉब्लेम नाही, चढवून देतो,’ आणि त्यानं बारीक तारा घालून चढवून दिलाही. तो मुळात काळी दोनचा असावा, हे पुढे एका जाणत्यानं पाहताक्षणी सांगितलं. दोन पावसाळ्यांत तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, घोडीखाली बसली, घोडी किंचित पुढे कलली आणि आवाज उपाशी माणसासारखा झाला. दुरुस्तीला नेला तेव्हा तबली बदलायची वेळ आली होती. दुकानदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला तंबोरा विकता येत होता, एवढंच.

तयार तंबोरा म्हणूनच वाईट, असा याचा अर्थ काढू नका. मिरजेत कारागिराच्या स्वतःच्या दुकानात तयार तंबोरे टांगलेले असतात आणि त्यातला एखादा तुमच्या पट्टीला चपखल बसतोही. तयार वाद्याचा सगळ्यात मोठा फायदा असा की ते ऐकून घेता येतं. मापाच्या वाद्यासाठी तुम्ही जे पैसे देता, ते अजून न जन्मलेल्या आवाजासाठी देता. तयार तंबोरा समोर आहे. अर्धा तास मांडीशी घेऊन बसा, आपल्या पट्टीत लावून घ्या, डोळे मिटून गा. दुकानदार घाई करत असेल तर उठून या. आणि आवाज कळत नसेल तर गुरुजींना किंवा बाईंना सोबत न्या, कुरिअरनं मागवू नका.

आता मापाच्या तंबोऱ्याकडे वळते. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे. फरीदसाहेब शिकलगार हे त्यातलं पहिलं नाव. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारे. संस्थानी लढाया थांबल्यावर ते हात तंतुवाद्यांकडे वळले. पुढे घराण्यांची आडनावंच सतारमेकर झाली आणि त्यांची वस्ती सतारमेकर गल्ली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. स्वतः वाद्यं दुरुस्त करणारा, जवारीत (तारेला झणझण आणणाऱ्या घोडीच्या घासणीत) हात घालणारा गवई शेजारी असणं ही कारागिरांसाठी मोठी गोष्ट होती. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनानं ‘मिरजेचा’ हे नाव जपलं जातं. समोरचा तंबोरा बोलतो की नाही, हे कानानंच ठरवावं लागतं.

माझा दुसरा तंबोरा मी तिथे करून घेतला. दिवाळीनंतर आगाऊ रक्कम दिली, वाद्य हातात आलं होळीच्या सुमारास. पहिल्या भेटीत तिथल्या कारागिरांनी, आमच्या चाचांनी, मापपट्टी काढलीच नाही. ‘गा,’ म्हणाले. मी सा लावला, थोडी खाली गेले, पंचमावरून वर आले. मग त्यांनी विचारलं, मारवा-पूरिया या रागांकडे ओढा आहे का, मालकंस किती गाता? कारण पहिली तार नेहमी पंचमालाच राहत नाही; मालकंसाला ती मध्यमावर उतरते, मारव्याला निषादावर चढते. त्या तारेनं तिन्ही ठिकाणी नीट बोलावं असं हवं असेल तर घोडीची तेवढी बाजू वेगळ्या हिशेबानं घासावी लागते, नाहीतर पाच किंवा सहा तारांचा तंबोरा करावा लागतो. दुकानात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मग भोपळा. माळ्यावर कितीतरी टांगलेले होते, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं आलेले. खायच्या भोपळ्याशी याचा संबंध नाही. हा कडू, जाड सालीचा, वाळून टणक झालेला. चाचांनी तीन खाली उतरवले, प्रत्येकावर बोटाच्या पेरानं टकटक केली, एक बाजूला ठेवला. मला तिन्ही सारखेच वाटले होते. त्याला कापून, भिजवून, आतून काठ्यांचा ताण देऊन आकार देतात, मग तून या झाडाच्या लाकडाची कोरीव पोकळ दांडी त्याला जोडतात आणि तोंडावर तबली बसवतात. पॉलिशचं काम पावसाळ्यात शक्यतो घेऊ नये. लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढरट पडतं. म्हणून ‘गुरुपौर्णिमेला हवाय, लवकर द्या’ असा तगादा लावणाऱ्यांनी आपलंच नुकसान ओळखावं.

शेवटचा दिवस मात्र तिथे बसून पाहायलाच हवा. तंबोरा दिसायला पूर्ण झालेला होता, तारा चढलेल्या होत्या, आणि आवाज? टण्ण, टण्ण. मला रडू यायचं बाकी होतं. चाचा हसले. त्यांनी तारा सैल केल्या, घोडी काढून मांडीवर घेतली, कानस फिरवली. दोनदा, तीनदा, आणि फुंकर. घोडीचा माथा सपाट दिसतो पण त्याला पुढच्या बाजूनं अगदी नकळत उतार असतो. तार थरथरताना त्या उतारावर टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते. त्यातून ती झणझणती शेपूट निघते. पुन्हा घोडी बसवली, तारा लावल्या, ऐकलं, पुन्हा काढली. असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. मग साधा सुती दोरा आणला, त्यातले दोन पदर सोडवून वेगळे केले आणि एक पदर जोडीच्या तारेखाली सरकवला. दोरा केसभर पुढे गेला आणि ती तार एकदम उघडली, खोलीभर. ‘आता खर्ज ऐका,’ म्हणाले. खर्जाच्या पोटातून गंधार येत होता. कुठलीही तार गंधाराला लावलेली नसताना तो ऐकू येतो, कारण खर्जाचा पाचवा स्वनांश (तारेतून मूळ सुराबरोबर निघणारा वरचा सूर) गंधारच असतो.

हे नुसतं भाविकांचं बोलणं नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात त्यांनी हेच टिपलं: तार जिथे छेडली तिथे ज्या स्वनांशांचे स्थिर बिंदू येतात ते ऐकू येऊ नयेत असा नियम आहे, पण तंबोऱ्यावर आणि वीणेवर तेही ऐकू येतात. घोडीच्या रुंद, वळणदार माथ्याची ही करामत.

निघताना चाचांनी बजावलं, ‘ताई, आज बोलली म्हणून हुरळू नका. नवी घोडी आहे. चार महिन्यानं घेऊन या, तेव्हा बघू.’ मी गेले आणि खरोखरच पहिल्या तारेची जवारी बंद झाली होती. तारेनं घोडीवर बारीक चर पाडला होता. तो घासून दिला. रोज रियाज असेल तर हे अधूनमधून करावंच लागतं. म्हणून मी पालकांना सांगते, तंबोऱ्यापेक्षा जवारी काढणारा माणूस आधी शोधा. तुम्ही नागपुरात किंवा इंदुरात राहत असाल आणि मिरजेला वर्षातून एकदाही जाणं होणार नसेल, तर मापाच्या तंबोऱ्याचा निम्मा फायदा तुमच्या हाती लागणार नाही. जवळपास जो कुणी जवारी काढतो, त्याच्याकडूनच तयार वाद्य निवडून घेणं अशा वेळी शहाणपणाचं. परदेशातल्यांना तर दोऱ्याशी खेळायची सवय आणि एक जादा घोडी, दोन्ही लागतात.

जुन्या तंबोऱ्याबद्दल मला हळवं व्हायला होतं, त्यामुळे हात आखडून लिहिते. पन्नास वर्षं वाजलेलं, मुरलेलं लाकूड नव्याला दाद देत नाही. कुणाच्या घरी आजोबांचा तंबोरा खोळीत उभा असेल तर नवा घेण्याआधी तो कारागिराला दाखवा. दांडीवरून एक डोळा मिटून बघा, वाकली आहे का. तबली घोडीखाली बसली आहे का. दांडी आणि भोपळ्याचा सांधा उकलला आहे का. खाली भुकटी सांडते का, म्हणजे भुंगा लागला आहे. खुंट्या सरकत असतील तर ते किरकोळ, खडूनंसुद्धा भागतं. भोपळ्याची चीरही बहुतेक वेळा भरता येते. एक गोष्ट मात्र पक्की तपासा: जुन्या वाद्यांच्या घोड्या आणि नक्षी कधीकधी हस्तिदंती असतात. हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे. असा तंबोरा कुणी कौतुकानं विकायला आणला तर घेऊ नका.

भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी पेटीचा छोटा तंबोरा मिळतो, गाडीत मागच्या सीटवर मावतो. आवाज पातळ, गोलाई कमी. सतत प्रवास असेल तर ठीक आहे. त्याहून जास्त काही मला त्याच्याबद्दल म्हणवत नाही.

आणि इलेक्ट्रॉनिक? याला नाकं मुरडणारे पहाटे पाचला बिल्डिंगमध्ये रियाज करत नसावेत. बेंगळुरूच्या रॅडेल कंपनीची ‘रागिणी’ पेटी घराघरात गेली, आता तर मोबाइलवर ॲप आहे. काही हजारांत, किंवा फुकटातसुद्धा, दिवसभर न उतरणारा सूर मिळतो. पूर्ण मापाच्या तंबोऱ्याला पाच आकडी रक्कम मोजावी लागते, शिवाय तो हवा बदलली की उतरतो. पण तंबोरा रोज स्वतः लावण्यातच मुलांचा कान तयार होतो. ॲपवर बटण दाबून गाणाऱ्या मुलांना बरीच वर्षं झाली तरी जोड जुळली की नाही हे कळत नाही, हे मी वर्गात पाहते.

तर कुणी काय घ्यावं? बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल तर मापाचा मुळीच नको. आवाज फुटायचा आहे, पट्टी कुठे जाऊन बसेल ते देवाला माहीत. ॲप वापरा, आणि वर्गात खरा तंबोरा लावायला शिकवा. मुलींचा आवाजही स्थिरावायला वेळ लागतो. गुरू म्हणतील ‘आता पट्टी बसली’ त्यानंतर एखादं वर्ष जाऊ द्या. तोवर हात तयार करायचा असेल तर कारागिराकडचा साधा, बिननक्षीचा तयार तंबोरा भरपूर झाला. नक्षीचे पैसे वाचवा. वेलबुट्टी आवाजात उतरत नाही. मैफली करणाऱ्यांनी, पट्टी ठरलेल्यांनी, आणि मिरजेला जाऊन बसण्याची तयारी असणाऱ्यांनी मापाचा करून घ्यावा.

मैफलीसाठी म्हणाल तर एक नाही, जोडी. दोन्ही बाजूंचे तंबोरे वेगवेगळ्या स्वभावाचे असले की गाताना एका कानाला ओढ लागते, हा त्रास मी भोगला आहे. जोडी एकाच वेळी सांगितलेली बरी, भोपळे सारख्या घेराचे निवडता येतात. मी तेव्हा पैशाकडे बघून एकच सांगितला. आता दुसऱ्यासाठी चाचांकडे दर दोन महिन्यांनी फोन करते आणि ते सांगतात, ‘तुमच्या घेराचा भोपळा अजून आला नाही, ताई.’